चुकून दाबलेल्या बटणातून शॉर्टकट कसा पकडायचा

कीबोर्डचा शॉर्टकट म्हणजे माउसऐवजी बटणं दाबून काम उरकायची युक्ती. ‘उपयोगी १०० शॉर्टकट’ अशी यादी छापून टेबलासमोर चिकटवणारे पुष्कळ असतात. पंधरा दिवसांनी त्या यादीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. उलट घाईत बोट घसरतं, स्क्रीनवर काहीतरी भलतंच होतं, आणि तो एक शॉर्टकट मात्र जन्मभर लक्षात राहतो. कारण सरळ आहे. चुकून दाबलं गेलेलं बटण तुमच्या बोटांच्या रोजच्या वाटेवरचंच असतं, आणि त्याने काय होतं ते तुम्ही स्वतःच्या कामात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. यादीतल्या शॉर्टकटच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नसतात.

अडचण एवढीच की अशा वेळी आपण गडबडतो, दिसेल ते बटण दाबत सुटतो आणि नेमकं काय दाबलं होतं त्याचा पत्ता राहत नाही. तो पत्ता कसा काढायचा, हे इथे पायरीपायरीने सांगतो. कॉम्प्युटर नुकता हाताळायला लागलेल्यांना समोर ठेवून लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः विंडोजची आहेत, मॅकबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी लिहिण्याची पद्धत. ‘कंट्रोल + सी’ म्हणजे कंट्रोल दाबून धरायचं, ते धरलेलं असतानाच सी हलकेच एकदा दाबायचं, मग दोन्ही सोडायची. दोन्ही बटणं एकाच क्षणी दाबायला जाऊ नका. तसं केलं की कधी नुसतंच ‘सी’ उमटतं.

पायरी १: हात उचला आणि नुसतं बघा

विचित्र काही झालं की पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. एस्केप नको, क्लिक नको, एंटर तर मुळीच नको. स्क्रीनवर एखादी चौकट उघडलेली असेल तर एंटर म्हणजे बहुतेक वेळा तिला ‘हो’ म्हणणं.

याचं नेहमीचं उदाहरण शिफ्टचं. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं गेलं की विंडोज विचारतं, ‘स्टिकी कीज’ चालू करू का? ही सोय ज्यांना दोन बटणं एका वेळी दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्या फार कामाची आहे: शिफ्ट, कंट्रोल किंवा अल्ट एकदा दाबून सोडलं तरी पुढचं बटण दाबेपर्यंत ते धरून ठेवल्यासारखं वागतं. पण न वाचता ‘हो’ म्हटलं गेलं, तर कीबोर्ड बिघडला अशीच समजूत होते. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं तर ‘फिल्टर कीज’बद्दल असाच प्रश्न येतो, ती चालू झाली की हलकेच दाबलेली बटणं उमटतच नाहीत. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी विभागात, कीबोर्डखाली, या दोन्ही सोयींचे शॉर्टकट बंद करता येतात. ज्यांना विचार करताना शिफ्टवर बोट ठेवून बसायची सवय आहे त्यांनी ते करूनच टाकावं.

बघायचं कुठे? आधी विंडोच्या सगळ्यात वरच्या पट्टीवर: तोच प्रोग्राम, तीच फाइल आहे ना? मग टास्कबारवर, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या घड्याळ असलेल्या पट्टीवर: दुसरीच विंडो पुढे आली का, भाषेचं चिन्ह बदललं का? मग विंडोच्या तळाच्या बारीक पट्टीवर, जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. एक्सेलमध्ये बाणाची बटणं दाबली तर निवडलेली चौकट (सेल) जागची हलत नाही आणि अख्खं पान सरकतं, तेव्हा त्याचं उत्तर याच पट्टीवर असतं: तिथे ‘स्क्रोल लॉक’ असं लिहून आलेलं असतं. लिब्रेऑफिस रायटरमध्ये नवीन अक्षरं जुन्यांना खात चालली असतील, तर इन्सर्टचं बटण दाबलं गेलंय, आणि तेही तळाच्या पट्टीवर कळतं.

पायरी २: मागे फिरता येतं का ते बघा

चुकून झालेल्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीतून परतायचा रस्ता वेगळा.

पहिला प्रकार म्हणजे चालू-बंद होणाऱ्या गोष्टी. एफ ११ दाबलं की ब्राउझर पूर्ण स्क्रीन व्यापतो, पत्त्याची पट्टीही गायब होते. तेच पुन्हा दाबलं की सगळं जागेवर. विंडोज + डी ने सगळ्या विंडो खाली बसतात, पुन्हा विंडोज + डी ने त्या वर येतात. इथे उपाय म्हणजे तेच बटण.

दुसरा प्रकार मजकुरातल्या बदलांचा. त्याला कंट्रोल + झेड. हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते फाइल एक्सप्लोररमध्येही, म्हणजे फाइली आणि फोल्डर दाखवणाऱ्या विंडोतही, चालतं हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. माउसने ओढताना एखादं फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडलं आणि आता सापडत नाही, अशा वेळी शोधाशोध करण्यापेक्षा तिथेच कंट्रोल + झेड दाबा. ते जिथून गेलं तिथे परत येतं. बदललेलं नावही असंच परतवता येतं.

तिसरा प्रकार बंद झालेल्या गोष्टींचा. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल + शिफ्ट + टी. पुन्हा दाबलं तर त्याआधी बंद केलेला टॅब, आणखी दाबलं तर त्याच्याही आधीचा. क्रोमच्या खासगी विंडोत मात्र हे चालत नाही; तिथे इतिहासच ठेवला जात नाही.

पायरी ३: तुम्हाला काय दाबायचं होतं ते आठवा

सगळी गंमत या पायरीत आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

‘मी काय दाबलं?’ हा प्रश्न स्वतःला विचारून उपयोग नसतो, कारण ते माहीत असतं तर अडलं कुठे होतं? प्रश्न असा विचारा: मला काय दाबायचं होतं? ते नक्की आठवतं. आता कीबोर्डकडे बघा आणि त्या बटणाचे शेजारी तपासा. गुन्हेगार बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

उदाहरण घेऊ. एक्सेलमध्ये आकडे भरताय. मधूनच सेव्ह करावं म्हणून कंट्रोल + एस दाबलं, आणि ज्या चौकटीत होतात तिच्यात वरच्या चौकटीतला आकडा येऊन बसला. एसचे शेजारी कोण? डावीकडे ए, उजवीकडे डी. कंट्रोल + ए असतं तर सगळं निवडलं गेलं असतं. तसं दिसत नाही. म्हणजे कंट्रोल + डी. हा शॉर्टकट वरच्या चौकटीतली गोष्ट खाली उतरवतो. कंट्रोल + झेड करून चूक मिटवा, आणि मग वरच्या चौकटीपासून खाली दहा ओळी निवडून मुद्दाम कंट्रोल + डी दाबून बघा. दहाही भरतात. वरच्या चौकटीत सूत्र असेल तर तेही प्रत्येक ओळीप्रमाणे बदलून उतरतं. तेच तेच नाव किंवा तारीख हाताने भरणाऱ्याचा किती वेळ वाचतो ते सांगायला नको.

त्याच एसच्या डावीकडचा ए मात्र भीती घालतो. सेव्ह करायला गेलात, कंट्रोल + ए दाबलं गेलं, सगळा मजकूर निवडला गेला, आणि पुढचं अक्षर टाइप करताच पानच्या पान नाहीसं झालं. इथे बिचकू नका. कंट्रोल + झेड एकदा किंवा दोनदा दाबलं की सगळं परत येतं. फक्त त्याआधी फाइल बंद करू नका.

डब्ल्यूच्या शेजारी ई आहे. वर्डमध्ये फाइल बंद करायला कंट्रोल + डब्ल्यू दाबायला गेलात आणि परिच्छेद पानाच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला, तर ते कंट्रोल + ई. मथळे मध्यभागी आणायला हेच वापरतात. परत डावीकडे न्यायला कंट्रोल + एल.

झेड, एक्स, सी, व्ही हे चौघे एका रांगेत आहेत म्हणूनच ते एकमेकांच्या जागी दाबले जातात. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे यांची आजची पद्धत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर ‘झेरॉक्स पार्क’ या संशोधन केंद्रात ‘जिप्सी’ या मजकूर लिहायच्या प्रोग्रामवर बसवली; एक्स, सी, व्ही या बटणांसह ती लोकांपर्यंत नेली ॲपलच्या १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिंटॉश या कॉम्प्युटरांनी. डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच सगळं आल्यामुळे वेग आला, पण सीच्या जागी व्ही दाबला जाऊन निवडलेला मजकूरच पुसला जाण्याचा ताप कायमचा मागे लागला. त्यालाही औषध तेच, कंट्रोल + झेड.

आता सगळ्यात फलदायी शेजार: कंट्रोल आणि विंडोज बटण. खालच्या रांगेत डावीकडे ही दोन्ही जवळजवळ असतात, त्यामुळे कंट्रोलऐवजी विंडोज दाबलं जाणं ही रोजची गोष्ट आहे. आणि विंडोजबरोबर जवळपास प्रत्येक अक्षराला काही ना काही काम दिलेलं आहे. म्हणून इथली प्रत्येक चूक काहीतरी शिकवून जाते.

चिकटवायला कंट्रोल + व्ही दाबायला गेलात आणि विंडोज + व्ही दाबलं गेलं, तर एक छोटी खिडकी उघडते. ही क्लिपबोर्डची, म्हणजे नक्कल केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेची, नोंदवही, २०१८ पासून विंडोज १० मध्ये आलेली. पहिल्यांदा ती ‘चालू करू का’ असं विचारते. इथे मात्र खुशाल हो म्हणा. त्यानंतर तुम्ही नक्कल केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिच्यात राहतात आणि हवी ती निवडून चिकटवता येते. म्हणजे एका फाइलमधून पाच वेगवेगळे तुकडे घ्यायचे असतील तर दोन फाइलींमध्ये पाच खेपा नकोत. पाचही तुकडे आधी नक्कल करून घ्या, मग दुसऱ्या फाइलमध्ये एकेक चिकटवा. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला की ही वही कोरी होते, मात्र पिन लावून ठेवलेल्या गोष्टी राहतात. एक सावधगिरी: नक्कल केलेला पासवर्डही तिथे दिसू शकतो. मशीन इतरही वापरत असतील तर ती नोंद लगेच काढून टाका. माझ्या मते चुकून सापडणाऱ्या शॉर्टकटांत याच्या तोडीचा दुसरा नाही.

बाकीचे भराभर. कंट्रोल + एलऐवजी विंडोज + एल: स्क्रीनला कुलूप लागतं, काम जसंच्या तसं राहतं, पासवर्ड टाकून परत या. जागेवरून उठताना हेच मुद्दाम वापरा. कंट्रोल + पीऐवजी विंडोज + पी: प्रोजेक्टर किंवा दुसऱ्या स्क्रीनचे पर्याय येतात. यात ‘फक्त दुसरी स्क्रीन’ निवडली गेली तर समोरची स्क्रीन काळी पडू शकते. पुन्हा विंडोज + पी दाबून पर्याय बदला. कंट्रोल + एक्सऐवजी विंडोज + एक्स: सिस्टीमच्या कामाच्या जागांची एक आटोपशीर यादी, तंत्रज्ञ लोक सर्रास वापरतात ती. कंट्रोल + झेडऐवजी विंडोज + झेड: विंडोज ११ मध्ये विंडो शेजारीशेजारी मांडण्याचे नमुने.

शेजारी तपासूनही उत्तर मिळालं नाही तर दुसरी शक्यता बघा: बटण बरोबर होतं, पण त्यात एक जास्तीचं मिसळलं. वर्डमध्ये परिच्छेद न तोडता नवी ओळ हवी म्हणून शिफ्ट + एंटर दाबायला गेलात आणि कर्सर थेट पुढच्या पानावर उडाला, तर शिफ्टऐवजी कंट्रोल होतं. कंट्रोल + एंटर म्हणजे नवं पान. नवं पान हवं म्हणून वीस वेळा एंटर दाबत बसणाऱ्यांना हा अपघात होणं म्हणजे भाग्यच.

मराठीत टाइप करणाऱ्यांचा एक खास अपघात आहे. मध्येच अक्षरं रोमन उमटायला लागतात, किंवा उलट. बहुतेक वेळा अल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेलेलं असतं. विंडोजमध्ये त्याने टायपिंगची भाषा बदलते. परतायला तेच पुन्हा दाबा, किंवा विंडोज + स्पेस वापरा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात सगळ्या भाषांची यादी समोर दिसते आणि अंदाजाने दाबावं लागत नाही.

पायरी ४: धरायच्या बटणाचा स्वभाव ओळखा

चार-पाच अपघात झाले की एक गोष्ट लक्षात येते: ही बटणं मनमानी वागत नाहीत.

कंट्रोलचं काम साधारणपणे चालू प्रोग्रामच्या आत. विंडोजचं काम सगळ्या मशीनवर. अल्ट मेन्यूकडे नेतं. शिफ्टचा स्वभाव सगळ्यात मजेदार आहे: ते उलट दिशा दाखवतं किंवा त्याच कामाला जोर देतं. ब्राउझरमध्ये स्पेसने पान खाली सरकतं, शिफ्ट + स्पेसने वर. अल्ट + टॅबने विंडो एका दिशेने बदलतात, शिफ्ट मिसळलं की उलट दिशेने. कंट्रोल + टी नवा टॅब उघडतं, शिफ्ट मिसळलं की गेलेला टॅब परत आणतं. डिलीटने फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, शिफ्ट + डिलीटने थेट कायमची जाते.

म्हणून एखादा शॉर्टकट सापडला की तिथेच थांबू नका. त्यात शिफ्ट मिसळून बघा. एक्सेलमध्ये कंट्रोल + सेमीकोलन दाबलं गेलं आणि चौकटीत आजची तारीख आली? मग कंट्रोल + शिफ्ट + सेमीकोलन दाबून बघा: आत्ताची वेळ. कंट्रोल + बाणाने कर्सर एकेक अक्षराऐवजी एकेक शब्द उडी मारतो? शिफ्ट मिसळलं की तोच शब्द निवडला जातो. आणि कंट्रोल + बॅकस्पेस केलं तर मागचा अख्खा शब्द पुसला जातो. अशा रीतीने एका चुकीतून तीन शॉर्टकट निघतात, तेही पाठ न करता.

पायरी ५: मुद्दाम पुन्हा करून बघा, पण खऱ्या फाइलवर नको

संशयित सापडला की एक कोरी फाइल उघडा, तिच्यात चार ओळी काहीही लिहा, आणि तिथे ते बटण दाबून बघा. तेच घडलं तर शॉर्टकट पक्का.

त्याच प्रोग्रामची कोरी फाइल मात्र हवी. एकच शॉर्टकट तीन ठिकाणी तीन कामं करतो. कंट्रोल + शून्य घ्या. ब्राउझरमध्ये त्याने मोठं झालेलं पान मूळ आकाराला येतं, आणि कंट्रोल धरून माउसचं चाक फिरलं की अक्षरं अवाढव्य होतात त्यावर हाच उतारा आहे. हा उतारा आठवून वर्डमध्ये दाबाल तर अक्षरांना काहीच होत नाही, परिच्छेदाच्या वर मोकळी जागा येते. आणि एक्सेलमध्ये दाबाल तर ज्या स्तंभात आहात तो स्तंभच लपतो. माहिती पुसली जात नाही, पण वरची अक्षरं बघितली तर सीनंतर एकदम ई. कुणाच्याही पोटात गोळा येईल. कंट्रोल + ९ ने अशीच ओळ लपते. दोन्हींवर लगेचचा उपाय कंट्रोल + झेड.

एक्सेलमधलाच आणखी एक घाबरवणारा प्रकार: सगळे आकडे जाऊन त्यांच्या जागी सूत्रं दिसायला लागतात आणि स्तंभ रुंद होतात. टॅब बटणाच्या वरचं, १ या आकड्याच्या डावीकडचं बटण कंट्रोलबरोबर दाबलं गेलेलं असतं. पुन्हा तेच दाबलं की आकडे परत. दुसऱ्याने केलेला हिशेब तपासायचा असेल तर मात्र हे सोन्यासारखं आहे, कारण कुठल्या चौकटीत सूत्र आहे आणि कुठे कुणी हाताने आकडा ठोकलाय ते एका नजरेत कळतं.

खात्री करायचे आणखी दोन मार्ग आहेत. मेन्यूमध्ये आज्ञेच्या समोर उजवीकडे तिचा शॉर्टकट बऱ्याचदा लिहिलेला असतो, आणि टूलबारच्या चित्रावर माउस नुसता टेकवला तरी नावासोबत तो दिसतो. वर्ड-एक्सेलमध्ये अल्ट एकदा दाबून सोडलं की वरच्या पट्टीवर ठिकठिकाणी अक्षरं उगवतात. ती ओळीने दाबत गेलं की माउसला हात न लावता कुठलीही आज्ञा देता येते. ही अक्षरं चुकून उगवली तर एस्केप दाबा, जातात.

पायरी ६: सापडलेलं हातात बसवा

वही वगैरे ठेवायची असेल तर ठेवा. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. नवा शॉर्टकट सापडला की त्या दिवशी ते काम माउसने करायचं नाही, एवढं ठरवा. चार वेळा अडखळाल, पाचव्या वेळी बोटं स्वतःहून जातील. एका वेळी एकच घ्या. जो शॉर्टकट आठवडाभरात एकदाही लागला नाही तो खुशाल सोडून द्या. तो तुमच्या कामाचा नव्हता.

इथे मात्र जपून

सगळेच अपघात गोड नसतात. शिफ्ट + डिलीटचं वर आलंच; त्यावर विंडोज एकदा विचारतं, तेव्हा वाचून उत्तर द्या. अल्ट + एफ ४ चालू प्रोग्राम बंद करतं. मेल लिहिताना कंट्रोल + एंटर दाबलं गेलं की जीमेलमध्ये मेल रवाना होतो, अर्धवट असला तरी. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत सेटिंगमधून ५ वरून ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती वाढवून ठेवाच. आणि पत्ता सगळ्यात शेवटी भरायची सवय लावा, म्हणजे अर्धा मेल कुणाकडे जायची भीतीच नाही.

भलत्याच विंडोत टाइप होण्याचा धोका वेगळा. यूट्यूबचं पान समोर असताना तुम्ही चॅटमध्ये लिहितोय अशा समजुतीने रोमन अक्षरांत ‘मला’ टाइप केलंत, तर एमने आवाज बंद होतो आणि एलने व्हिडिओ दहा सेकंद पुढे जातो. यातून निघणारी कमाई अशी: जेने दहा सेकंद मागे, केने थांबा किंवा चला, एफने पूर्ण स्क्रीन, आणि १ ते ९ या आकड्यांनी व्हिडिओच्या १० ते ९० टक्क्यांवर उडी.

अशा अपघातांची दखल कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनाही घ्यावी लागली आहे. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीसाठी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने मशीन पुन्हा सुरू करायला आधी कंट्रोल + अल्ट + एस्केप योजलं होतं. पण तिन्ही बटणं डावीकडे, एका हाताच्या टप्प्यात. धक्का लागला तरी मशीन बंद होऊन सुरू व्हायचं. म्हणून एस्केप काढून दूर उजवीकडचं डिलीट घेतलं, म्हणजे दोन्ही हात लागावेत. क्रोममध्ये एकेकाळी बॅकस्पेस दाबलं की आधीचं पान यायचं, आणि फॉर्म भरताना कर्सर चौकटीबाहेर असला की भरलेलं सगळं वाहून जायचं. २०१६ मध्ये ते काढून अल्ट + डावा बाण ठेवण्यात आलं. तेव्हा एखादा शॉर्टकट अवघड जागी का ठेवलाय असं वाटलं, तर तो मुद्दाम तिथे ठेवलेला असू शकतो.

मॅक आणि लॅपटॉप

मॅकवर कंट्रोलची बरीच कामं कमांड बटण करतं. तिथला प्रसिद्ध शेजार डब्ल्यू आणि क्यूचा: कमांड + डब्ल्यूने एक विंडो किंवा टॅब बंद होतो, कमांड + क्यूने अख्खा प्रोग्राम. क्रोममध्ये बंद होण्याआधी इशारा देण्याचा पर्याय आहे, तो चालू करून ठेवा. कमांड + एच चुकून दाबलं गेलं तर प्रोग्राम दिसेनासा होतो पण बंद होत नाही. कमांड + टॅबने परत बोलवा.

लॅपटॉपवर सगळ्यात वरच्या रांगेतली बटणं दोन कामं करतात. आवाज, उजेड, माइक, टचपॅड, विमान-मोड असली चित्रं त्यांच्यावर काढलेली असतात. इंटरनेट अचानक गेलं किंवा टचपॅड मेला, तर आधी या रांगेवर संशय घ्या. उलट एफ २ ने फाइलचं नाव बदलायला जाता आणि उजेड कमी-जास्त होतो, तर ‘एफएन’ बटण धरून एफ २ दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केपने ही अदलाबदल कायमची करता येते. एस्केपवर छोटं कुलूप काढलेलं असेल तर तुमच्याकडे ती सोय आहे.

शोधूनही सापडलं नाही तर

सगळ्या विंडो गेल्या, विंडोज + डी ने काही फरक पडत नाही, टास्कबारही मोकळा: बहुधा विंडोज + कंट्रोल + डी दाबलं गेलं आणि नवा आभासी डेस्कटॉप उघडला. विंडोज + कंट्रोल + डावा बाण दाबा, जुना डेस्कटॉप सगळ्या विंडोंसकट तिथेच असतो. नको असलेला नवा डेस्कटॉप विंडोज + कंट्रोल + एफ ४ ने बंद होतो. अर्थात ऑफिसचं काम एकीकडे आणि घरचं दुसरीकडे ठेवायचं असेल तर तो राहू द्या. स्क्रीनवरचं सगळं मोठं होऊन माउसबरोबर सरकतंय, तर भिंग चालू झालंय. विंडोज + एस्केप. कॉम्प्युटर स्वतःहून सगळं वाचून दाखवायला लागला, तर विंडोज + कंट्रोल + एंटर.

स्क्रीन आडवी किंवा उलटी झाली असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन दिशा सरळ करा. काही मशीनवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम) कंट्रोल + अल्ट + बाण हा शॉर्टकट स्वतःकडे ठेवतो, आणि तिथे कंट्रोल + अल्ट + वरचा बाण दाबला की काम होतं. यावरून एक कळतं: काही शॉर्टकट विंडोजचेही नसतात आणि समोरच्या प्रोग्रामचेही नसतात, मागे चालणाऱ्या तिसऱ्याच कुणाचे तरी असतात. घड्याळाशेजारच्या छोट्या चित्रांत हे प्रोग्राम बसलेले असतात: स्क्रीन रेकॉर्ड करणारे, भाषांतर करणारे, मराठी टायपिंगचे. एकेक बंद करा आणि दर वेळी ते बटण दाबून बघा. ज्याला बंद केल्यावर काहीच होत नाही तो त्या शॉर्टकटचा मालक, आणि त्याच्याच सेटिंगमध्ये तो बदलता किंवा काढून टाकता येतो.